लेख माझा, घर सगळ्यांचे

प्रश्न : मी ३६ वर्षांची असून बोरिवलीला राहते आणि फोर्टमधल्या एका बँकेत नोकरी करते. सात वर्षांपूर्वी माझी पहिली कादंबरी प्रसिद्ध झाली. दुसरी लिहायला घेतली आणि मुलगी झाली. आता ती पाच वर्षांची आहे आणि कादंबरी चार वर्षे तिसऱ्या प्रकरणावर अडून आहे. या काळात मी फक्त छोटे ललित लेख लिहिले : मुलीविषयी, स्वयंपाकघराविषयी, लोकलच्या प्रवासाविषयी, न होणाऱ्या लेखनाविषयी. वाचकांना ते आवडतात. एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी अशा लेखांची मालिका मागितली आहे आणि पुढे पुस्तक करू असेही ते म्हणतात. पण माझ्या बाळंतपणावरचा लेख वाचून सासूबाई दुखावल्या. ‘आमच्या घराची लक्तरं वेशीवर टांगलीस,’ एवढेच त्या म्हणाल्या आणि गेले तीन आठवडे माझ्याशी कामापुरतेच बोलतात. त्याच सुमारास मुलीने मासिकातले चित्र पाहून विचारले, ‘आई, हे माझं लिहिलंयस का?’ मला उत्तर देता आले नाही. कादंबरी जमत नाही म्हणून मी हे लेख लिहिते आहे का? आणि घरच्या माणसांवर लिहिण्याचा मला अधिकार आहे का? सोबत दोन लेखांची कात्रणे पाठवत आहे.
— एक लेखिका, बोरिवली

प्रिय मैत्रिणी,

तुमचे पत्र मी एकदा वाचले आणि कात्रणे मात्र दोनदा, दुसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन. लिहिणाऱ्या माणसाने सल्ला मागितला की त्याच्या पत्रापेक्षा त्याच्या लेखनात उत्तर लवकर सापडते, असा माझा अनुभव आहे आणि तुमच्या बाबतीतही तसेच झाले.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण त्याविषयी माझ्या मनात शंका नाही. हे लेख म्हणजे कादंबरीपासून काढलेला पळ नव्हे. ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांनी कादंबऱ्या लिहिल्या तसे लघुनिबंधही लिहिले, आणि त्यांच्या लेखनामुळेच तो स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून मराठीत रुजला. कादंबरीकाराने स्वतःच्या नावाने, स्वतःच्या घरात उभे राहून बोलणे आपल्याकडे नवे नाही. तुम्हाला अपराधी वाटते ते विषयामुळे, असे मला वाटते. दुधाची पिशवी, शाळेचा डबा, पाळणाघराची फी हे मोठ्या लेखनाचे विषय नव्हेत, असे कोणीतरी कधीतरी तुमच्या कानावर घातले असेल आणि ते तुम्ही खरे धरून चालला आहात. पण जात्यावर बसून ओव्या रचणाऱ्या बायकांनी याच विषयांवर रचना केल्या. बहिणाबाई चौधरींनी शेतात आणि घरात काम करता करता रचलेली गाणी मुलाने आणि आप्तांनी उतरवून घेतली म्हणून राहिली, आणि त्यांचे पुस्तक निघाले ते १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर. घरकामाच्या जागी बसून लिहिता येते याचा हा पुरावा आहे. त्या जागी बसणाऱ्या बाईचे लेखन जपायला दुसरे कोणी लागते, याचाही आहे. तुमच्या हातात स्वतःची वही आहे. ती हलकी मानू नका.

नतालिया गिंझबुर्ग या इटालियन कादंबरीकार बाईंनी १९४९ मध्ये आपल्या लेखनाच्या व्यवसायावर एक निबंध लिहिला. मुले अगदी तान्ही असताना, पोटी मुले असलेली बाई लिहायला बसते तरी कशी हेच आपल्याला उमगत नव्हते, असे त्यांनी त्यात मोकळेपणाने सांगितले आहे. लेखनाविषयी त्यांच्या मनात तुच्छता येऊ लागली होती, डोक्यात मुलांची रव्याची पेज आणि टोमॅटोचा रस्सा असे, आणि तरीही मधूनच लेखनाची विलक्षण ओढ लागे. पुढे त्या पुन्हा लिहू लागल्या आणि तीच पेज, तोच रस्सा लेखनाच्या शेजारी येऊन बसला. तुमची चार वर्षे वाया गेली असे तुम्हाला वाटत असेल. या निबंधासारख्या निबंधात अशी वर्षेच कामाला येतात.

अडलेल्या कादंबरीविषयी मात्र एक व्यवहाराची गोष्ट सांगते. ललित लेख बोरिवली ते चर्चगेट या एका प्रवासात मनात धरता येतो. चौथ्या सीटवर अर्धे अंग बाहेर ठेवून बसलेल्या बाईलाही तो धरता येतो. कादंबरीची गोष्ट वेगळी आहे. तिच्यातल्या माणसांपाशी दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी परत जावे लागते, नाहीतर ती परकी होतात आणि ओळख पुन्हा पहिल्यापासून करून घ्यावी लागते. तुम्ही रविवारी दुपारी मुलगी झोपल्यावर कादंबरी उघडता, म्हणजे सहा दिवस दुरावलेल्या माणसांकडे जाता, आणि ओळख पटेपर्यंत मुलगी उठते. म्हणून पंधरा दिवस रविवारी लिहू नका. त्याऐवजी तिसऱ्या प्रकरणाची शेवटची चार पाने रोज सकाळी गाडीत नुसती वाचा. हातात पेन घेऊ नका. माझा मुलगा लहान असताना आम्ही गिरगावात दोन खोल्यांत राहत होतो. कुकर लागला की पिठाच्या डब्याच्या झाकणावर वही ठेवून मी आदल्या रात्रीचे पान वाचत असे आणि शिट्ट्या संपल्या की वही मिटत असे. त्या वहीच्या कडांना अजून पीठ आहे. लिहिणे रात्रीच होई, तेही रोज नव्हे. पण माणसे रोज भेटत, त्यामुळे रात्री ती मला ओळखत.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येते. तुमच्या पत्राचे खरे कारण तोच आहे.

बाळंतपणावरच्या लेखात तुम्ही ऐन मे महिन्यातली ती खोली फार ताकदीने उभी केली आहे. बंद खिडकी, कानाला घट्ट बांधलेला रुमाल, शेगडीवरच्या ओव्याच्या धुरीने चुरचुरणारे डोळे, तोंडाला कोरड पडलेली असताना समोर येणारी अळिवाची खीर, अंगातून वाहणारा घाम आणि दूध, आणि या सगळ्यात कारण नसताना तासन् तास येणारे रडे. त्या रड्याचा परिच्छेद मी पुन्हा पुन्हा वाचला. बाळंतिणीच्या मनाची ती अवस्था आपल्या घरांतून ‘होतं असं’ म्हणून उडवून लावली जाते. तुम्ही ती जशी होती तशी लिहिलीत, त्यात एक शब्दही बदलू नका. सासूबाईंना ती बंद खिडकी वाचून वाईट वाटले असेल, तरी खिडकी बंद होती. कोणी दुखावले एवढ्यावरून लेख चुकला असे ठरत नाही, हे आधी स्पष्ट सांगते.

तरीही माझी पेन्सिल तीन ठिकाणी थांबली.

पहिले ठिकाण म्हणजे सासूबाईंच्या तोंडचे वाक्य : ‘तुमच्या पिढीच्या मुलींना सोसायची सवयच नाही, म्हणून मातृत्व तुम्हाला ओझं वाटतं.’ हे वाक्य मला कानाला खोटे लागले. पहाटेपासून उभी असलेली, एका हातात बाळाचे दुपटे आणि दुसऱ्या हातात काढ्याचे भांडे धरलेली बाई असे दोन कलमी, घडीव वाक्य बोलत नाही. ती ‘सोसावं लागतं गं थोडं’ म्हणते आणि आत निघून जाते. ‘मातृत्व’ हा शब्द तर तिच्या तोंडी येणारच नाही. ते वाक्य तुम्ही रचले आहे, असा माझा कयास आहे. बोलण्यातले अर्धे तिचे असेल आणि बाकीचे कादंबरीकार म्हणून तुमच्या हाताने पुरे केले असेल. कादंबरीत तो तुमचा हक्क आहे. ललित लेखात नाही, कारण वाचक तिथे तुमच्या शब्दावर विसंबून त्या माणसाला जोखतो, आणि ते माणूस हयात आहे, त्याच इमारतीत राहते आणि भाजी आणायला खाली उतरते. दिवाळी अंक लायब्ररीतून घरोघर फिरतो. सासूबाईंच्या भिशीतल्या बायकाही तो वाचतील आणि ते वाक्य त्यांचेच समजतील. याच गिंझबुर्ग बाईंनी १९६३ मध्ये आपल्या माहेरच्या माणसांवर आणि त्यांच्या घरगुती बोलण्यावर पुस्तक लिहिले, खऱ्या नावांनिशी. त्याच्या सुरुवातीलाच त्या सांगतात की यात काहीही कल्पनेने रचलेले नाही. जुन्या सवयीने काही रचले गेले की ते लगेच काढून टाकावेसे वाटे. काय गाळायचे ते त्यांनी ठरवले आणि बरेच गाळलेही, पण भर घातली नाही. तुम्हीही हाच नेम धरा. गाळण्याची मुभा घ्या, रचण्याची घेऊ नका.

दुसरे ठिकाण म्हणजे एक अर्धे वाक्य. ‘पहाटे चारला त्या बाळाला उचलून बाहेर नेत आणि मला दोन तास झोप मिळे,’ असे लिहून तुम्ही स्वल्पविरामही न देता पुढच्या तक्रारीकडे वळला आहात. त्याच लेखात आधी एके ठिकाणी येते की तुमची आई लग्नापूर्वीच गेली, म्हणून पहिले बाळंतपण असूनही ते सासरी झाले. म्हणजे माहेरी आईने जे केले असते, ते या बाईंनी केले, सव्वा महिना, रोज पहाटे चारला उठून. दुसऱ्या कात्रणात तुम्ही सकाळची ७.४८ ची गाडी गाठता तेव्हा मुलगी आजीच्या मांडीवर असते. २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्याने पहिल्या दोन मुलांच्या वेळी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते. सत्ताविसाव्या आठवड्यापासून तुमची मुलगी कोणाकडे होती, हे दोन्ही लेख मिळून कुठेही सांगत नाहीत. ते त्या मांडीवरून मला कळले. बंद खिडकी खरी आहे आणि पहाटेचे चारही खरे आहेत. तुम्ही खिडकीला दीड पान दिले आणि चारला अर्धे वाक्य. सासूबाई दुखावल्या त्या खिडकीमुळे नसाव्यात, असे मला वाटते.

तिसरे ठिकाण कोणा एका ओळीत नाही, साऱ्या लेखात आहे. लेखात तुम्ही कुठेच काही करत नाही. सगळे तुमच्यावर केले जाते. तुम्ही एकदाही चिडून बोलला नाहीत का? खीर मोरीत ओतली नाहीत का? नवऱ्याकडे रात्री कागाळी केली नाहीत का? घरच्यांवर लिहिण्याचा अधिकार लेखिकेला मिळतो तो त्या गोष्टीतला स्वतःचा वाटा लिहिल्यावर. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आठवणींचा पहिला भाग १९३४ मध्ये निघाला तेव्हा त्यांचे पती, कवी ना. वा. टिळक जाऊन पंधरा वर्षे झाली होती. टिळकांचा तापट, विसरभोळा स्वभाव, सासऱ्यांचा विक्षिप्तपणा, टिळकांच्या धर्मांतरानंतर सोसलेला अनेक वर्षांचा विरह, काहीही त्यांनी झाकलेले नाही. तरीही वाचताना टिळकांविषयी मनात अढी बसत नाही, कारण लक्ष्मीबाई स्वतःची फजिती, स्वतःचा हट्ट, स्वतःचे अज्ञान तितक्याच मोकळेपणाने पुढे ठेवतात. वाचक त्यांच्या बाजूने उभा राहतो आणि टिळकांवरही जीव लावतो. तुमच्या लेखात त्याला ती सोयच ठेवलेली नाही.

म्हणून सासूबाईंकडे जा. लेखाची परवानगी मागायला जाऊ नका. परवानगी मागितली की त्यांना देणे किंवा नाकारणे एवढेच उरते, आणि दोन्हीनंतर घरात अवघडलेपण राहते. ते वाक्य तुम्ही रचले असेल तर सरळ सांगा की हे तुम्ही म्हणाला नव्हतात, मी लिहिले, ती माझी चूक झाली, पुस्तकात ते नसेल. एवढेच सांगा. ‘पण’ म्हणून पुढे खिडकी काढू नका. खिडकी लेखात राहील, ती त्यांना पुस्तकात दिसेल, आणि कदाचित तेव्हाही आवडणार नाही. ते तुम्हाला सोसावे लागेल. नवऱ्याला मध्ये घालू नका. हा निरोप दुसऱ्याने पोहोचवण्यासारखा नाही.

मुलीची गोष्ट याहून वेगळी आहे आणि तिथे मी अधिक कडक आहे. सासूबाई मोठ्या आहेत. त्या रागावू शकतात, अबोला धरू शकतात, चार जणींना आपली बाजू सांगू शकतात. पाच वर्षांच्या मुलीला यातले काही करता येत नाही. तिने नुसते विचारले.

इरावती कर्व्यांचा ‘परिपूर्ती’ हा लेख तुम्ही शाळेत वाचला असेल. त्याच नावाचा संग्रह १९४९ मध्ये आला. सभेत ओळख करून देताना वडील, सासरे, पती यांच्या नात्याने त्यांचा गौरव होतो, तरी काहीतरी राहून गेल्यासारखे त्यांना वाटते. आणि मग रस्त्यात शाळकरी मुले कुजबुजतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, तेव्हा ती ओळख पुरी होते. आता तो लेख पुन्हा काढून एवढेच पाहा की त्या मुलाविषयी आपल्याला काय कळते. जवळजवळ काही नाही. तो कशाला घाबरतो, कधी रडला, कशात नापास झाला, यातले काहीही नाही. आईपणावरचा इतका भरलेला लेख आहे आणि उजेड सगळा आईवर आहे.

तुमच्या दुसऱ्या कात्रणात स्नेहसंमेलनाच्या दिवशी रंगमंचावर मुलीचा फ्रॉक ओला झाला, तो प्रसंग आहे. तुम्ही तो मायेने लिहिला आहे, आणि शेवटी तिला कुशीत घेऊन गाडीत बसल्याचे वर्णन वाचताना मला भरून आले. तरी तो प्रसंग पुस्तकात घेऊ नका. मी हे कठोरपणाने सांगते कारण ही चूक मी केली आहे. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना त्याच्या अंधाराच्या भीतीवर मी एक लेख लिहिला. लेखाचे कौतुक झाले. त्याच्या शाळेतल्या एका शिक्षकांनी तो चांगल्या हेतूने वर्गात वाचून दाखवला. त्या दिवशी तो घरी आला, दप्तर जागेवर ठेवले, हातपाय धुतले आणि म्हणाला, ‘आता तुला काही सांगणार नाही.’ तो ओरडला नाही. तीन वर्षे त्याने खरोखरच काही सांगितले नाही. शाळेत काय झाले हे मला त्याच्या मित्रांच्या आयांकडून कळे. तो लेख अजून लोकांना आठवतो. मी तो कुठल्याही संग्रहात घेतलेला नाही.

माझा लेख निदान साप्ताहिकाबरोबर रद्दीत गेला. आज छापलेले पान कोणीतरी मोबाईलवर फोटो काढून ठेवते आणि तुमची मुलगी दहावीत गेल्यावरही ते कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. तेव्हा तिच्यासंबंधीचा प्रत्येक परिच्छेद असा वाचून पाहा की ती पंधरा वर्षांची आहे, वर्गात मधली सुट्टी आहे आणि तिच्याच बाकावरची मैत्रीण तो मोठ्याने वाचते आहे. ओल्या फ्रॉकचा परिच्छेद त्या वर्गात टिकत नाही. तिने तुम्हाला विचारलेला ‘बँकेतले पैसे रात्री कुठे झोपतात?’ हा प्रश्न टिकतो. तो ऐकून ती हसेल. गाडीत बसून तुम्हाला आलेली स्वतःची लाज, ‘लोक काय म्हणतील’ हा तुमच्याच मनात उमटलेला आणि मग तुम्हालाच नकोसा झालेला विचार, तोही टिकतो, कारण तो तुमचा आहे. त्या लेखाचा खरा गाभा तोच होता आणि फ्रॉक काढूनही तो लिहिता येईल. कठीण जाईल. कादंबरीकाराला प्रसंग सोडवत नाही, हे मला माहीत आहे.

तिच्या प्रश्नाला उत्तर देणे मात्र लांबणीवर टाकू नका. ‘हो, थोडं तुझं आहे आणि जास्त माझं आहे,’ असे सांगून तिला समजेल तेवढा भाग वाचून दाखवा. एखाद्या ठिकाणी ती ‘हे नको’ म्हणाली तर तिच्यासमोर पेनने खोडा आणि पुन्हा कधी ते परत आणू नका. पाच वर्षांच्या मुलीला लेख कळत नाही, पण नको कळते. पुढे ती दहा वर्षांची होईल, तेरा वर्षांची होईल, तेव्हा तिची नकाराची यादी वाढेल आणि एखाद्या वर्षी तिच्यावर एकही ओळ लिहायला मिळणार नाही. तेव्हा लोकलवर लिहा, आईविना वाढण्यावर लिहा, बँकेवर लिहा.

संपादकांना आता होकार कळवायला हरकत नाही. मालिकेत लोकलचे आणि लेखनाचे लेख आधी द्या. ते तुमचे सर्वांत मोकळे लेख आहेत, हे दोनच कात्रणांतल्या तशा परिच्छेदांवरूनही कळते. बाळंतपणाचा लेख दुरुस्त करून शेवटी द्या. स्नेहसंमेलनाचा देऊ नका.

आणि त्या पहाटे चारविषयी. सासूबाईंशी बोलणे झाल्यावर, लगेच नव्हे, गणपतीच्या धावपळीत किंवा दिवाळीच्या फराळाला चकल्या पाडताना कधीतरी, त्यांना विचारा की बाळाला बाहेर नेऊन तुम्ही काय करत होतात. त्या गाणे म्हणत होत्या की जप करत होत्या, खिडकीशी उभ्या राहत होत्या की खुर्चीत बसून पेंगत होत्या, त्यांच्या स्वतःच्या बाळंतपणात त्यांच्यासाठी कोणी उठले होते का. दुधावरच्या सायीविषयी बोलायला कुठल्याही आजीला आवडते. त्या सांगतील ते ऐका आणि यंदा त्यातले काहीही लिहू नका. लेखासाठी विचारले असे त्यांना वाटले तर ते दार पुन्हा उघडणार नाही. पुढच्या वर्षी त्या आपणहून म्हणाल्या, ‘हे नाही का लिहिलंस?’ तर लिहा. त्या दोन तासांत बाहेरच्या खोलीत काय चालत असे, हे तुम्ही पाहिलेले नाही. तुम्ही झोपलेल्या होतात.